सनावळ्या मागून सांगा

महोदय,
ज्यू समाजाचे वक्ते आपल्या समाजाची ओळख करून द्यायला व्याख्यानाला उभे राहिले, की बऱ्याचदा हजारो वर्षांपूर्वीपासून सुरुवात करतात आणि श्रोते पेंगू लागतात. वास्तविक वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचला जाणारा हग्गादा हा ग्रंथ सांगतो, की प्रत्येक पिढीने आपण स्वतःच इजिप्तमधून बाहेर पडलो असे मानावे. म्हणजे गोष्ट प्रथमपुरुषीच! या वक्त्यांना तयार करणाऱ्यांनी शुक्रवारी सूर्यास्ताआधी शब्बाथसाठी (साप्ताहिक विश्रांतिदिनासाठी) मेणबत्त्या लावून आईने डोळ्यांवर धरलेले हात आधी सांगायला लावावेत. आणि अवघड प्रश्न आला (तो येतोच), की साऱ्या समाजाचे वकीलपत्र न घेता ‘आमच्या घरी असे होते’ एवढेच म्हणायची मुभा द्यावी.

— एक वाचक