‘हस्तनिर्मित’ या पाटीखाली हात किती लागला, तेही लिहावे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या आधी इंदुरात रामबागेपासून राजेंद्रनगरापर्यंत महिला मंडळांची विक्री-प्रदर्शने भरतात आणि त्यांत फराळ, पणत्या, उटणे आणि आकाशकंदिलांच्या शेजारी शुभेच्छापत्रांचे एखादे टेबल हमखास असते. यंदाच्या टेबलांची नोंदणी अजून सुरू व्हायची आहे, म्हणून आयोजकांपुढे एक सूचना आपल्या पत्रामार्फत ठेवत आहे. ‘हस्तनिर्मित’ अशी पाटी लावून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कार्डाच्या पाठीवर त्यातले कोणते काम हाताने केले आहे आणि कोणते तयार आणून चिकटवले आहे, हे दोन ओळींत लिहिण्याची अट नोंदणीच्या अर्जातच घालावी.

मी गेली बरीच वर्षे क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करणे) आणि एम्बॉसिंग (कागदावर उठाव काढणे) शिकवते, तेव्हा या मागणीत माझा स्वार्थ आहे असे कोणी म्हटले तर ते नाकारणार नाही. पण प्रश्न माझ्या एकटीचा नाही. एका प्रदर्शनात एकाच टेबलावर दोन प्रकारची कार्डे शेजारी मांडलेली होती. काहींवरची फुले बाईंनी स्वतः पट्ट्या गुंडाळून केलेली होती, तर काहींवर साच्याने कापलेली तयार फुले पाकिटातून काढून चिकटवलेली होती. किंमत दोन्हींची सारखी, पाटीही एकच. गिऱ्हाइकाने दोन्ही उलटसुलट करून पाहिली आणि ‘कागदाचंच तर आहे’ म्हणत हाताने केलेल्या कार्डाचा भाव निम्म्यावर आणला. त्याला दोष कसा द्यावा? फरक सांगणारे तिथे काहीच नव्हते. असे दोनतीन वर्षे चालले की पट्ट्या गुंडाळणारी बाई हळूहळू तयार फुलांच्या पाकिटांकडे वळते, कारण त्यांत वेळ वाचतो आणि भाव तोच मिळतो.

क्विलिंगचे काम दिसते तेवढे सोपे नाही. कार्डासाठी बहुधा 3 मिलिमीटर रुंदीची पट्टी वापरतात. ती फटीच्या सुईत अडकवून किंवा साध्या सुईभोवती बोटांनी गुंडाळायची, मग ती गुंडाळी गोल छिद्रांच्या मापपट्टीवर हव्या त्या मापाच्या छिद्रात सोडायची, ती सैल होऊन छिद्रभर पसरली की टोकाला फेव्हिकॉलचा टाचणीच्या माथ्याएवढा थेंब लावायचा आणि शेवटी चिमटीने दाबून तिला आकार द्यायचा. एका बाजूने दाबले की थेंब, दोन्ही बाजूंनी दाबले की डोळा. पाच पाकळ्यांच्या एका फुलाला सारख्या लांबीच्या पाच पट्ट्या, मध्ये एक गच्च गुंडाळी आणि दोन पाने लागतात, आणि एका कार्डावर अशी चारपाच फुले असतात. पाकळीतली वेटोळी एका बाजूला सरकवून मध्य नेमका कडेला आणणे हे वेगळेच कसब आहे, ते सरावाशिवाय येत नाही. त्यात इंदूरचा पावसाळा. दमट हवेत पट्टी मऊ पडते आणि गुंडाळी आपला ताण सोडून देते, म्हणून दिवाळीची कार्डे श्रावणात करायला घेणाऱ्या मुलींना मी पट्ट्या बंद डब्यात ठेवायला सांगते.

हाताचे काम ओळखणे अवघड नाही. फटीच्या सुईने केलेल्या गुंडाळीच्या अगदी मध्यभागी कागदाला बारीकशी मोड आलेली असते. साध्या सुईने केलेल्या गुंडाळीत ती नसते, पण टोकाचा सांधा दोन्हींत दिसतो. कोणत्याही दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या नसतात. साच्याने कापलेल्या फुलात वेटोळे नसतेच, त्याच्या पाकळ्यांची कड सगळीकडे एकसारखी येते आणि दहा फुले एकावर एक ठेवली तर ती जुळतात. काही छापील कार्डांवर तर क्विलिंगचे नुसते छायाचित्र असते आणि त्याच रेषांवर यंत्राने उठाव दिलेला असतो. लांबून फसायला होते, बोट फिरवले की कळते.

एम्बॉसिंगच्या बाबतीत घोटाळा अधिक आहे, कारण त्या एका नावाखाली निरनिराळी कामे येतात. जुन्या पद्धतीत पितळी किंवा प्लॅस्टिकचा स्टेन्सिल, म्हणजे आकार कापून काढलेला पत्रा, खिडकीच्या काचेवर किंवा खालून दिवा असलेल्या पेटीवर चिकटवतात, त्यावर कार्ड पालथे ठेवतात आणि गोल टोकाच्या सळईने पाठीमागून आकाराची फक्त कड दाबत नेतात. कड नीट बसली की मधला भाग आपोआप उचलून येतो. सळई सहज सरकावी म्हणून कागदावर आधी मेणकागद घासतात. काम पाठीमागून होत असल्याने अक्षरे स्टेन्सिलमधून उलटी दिसतील अशी ठेवावी लागतात. बाजारात मिळणारे तयार स्टेन्सिल बहुतेक रोमन लिपीचे असतात, त्यामुळे ‘शुभ दीपावली’ उठवायचे तर जुन्या एक्स-रे फिल्मवर अक्षरे स्वतः कापावी लागतात. तिथे देवनागरीची खरी परीक्षा सुरू होते. ‘व’चे पोट कापले की मधला तुकडा सुटून पडतो, ‘प’ शिरोरेषेने बंद होतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी एक बारीक पूल राखावा लागतो आणि तो पूल अक्षराला कुरूप करणार नाही अशी जागा शोधावी लागते. माझ्या मते या कलेत आज नवे करण्यासारखे जे काही आहे, ते इथेच आहे, आणि तयार साच्यांच्या सोयीत नेमके तेच मागे पडत चालले आहे.

दुसरा प्रकार उष्णतेचा. सावकाश वाळणाऱ्या शाईचा ठसा उमटवून त्यावर राळेसारख्या प्लॅस्टिकची बारीक पूड भुरभुरवायची, उरलेली झटकायची आणि हीट गनने तापवून ती वितळवायची. केस वाळवण्याच्या यंत्राने हे जमत नाही, कारण त्याच्या झोताने पूड उडून जाते आणि तेवढी उष्णताही मिळत नाही. जास्त तापवले तर कागद वाकतो आणि पूड कागदात मुरून चमक जाते. लग्नपत्रिकांवर जी उठावदार अक्षरे दिसतात, त्यांतली बरीचशी याच तत्त्वावर यंत्रातून निघालेली असतात. तिसरा प्रकार फोल्डरचा: नक्षी कोरलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पानांमध्ये कागद घालून तो हाताने फिरवायच्या रोलरमधून काढायचा. क्षणाचे काम आहे, उठाव कागदभर सारखा येतो आणि पुष्कळदा कडेला फोल्डरच्या चौकटीची पुसट रेघ राहते. ओळख म्हणून कार्डाच्या पाठीवरून बोट फिरवावे. पाठ सपाट लागली तर उठाव पुडीचा आहे; खोलगट लागली तर तो दाबून काढलेला आहे, आणि त्या खोलगट कडेला सळई घासल्याची चकाकी दिसली तर तो हाताने दाबलेला आहे.

फोल्डर वापरणे किंवा तयार फुले चिकटवणे यात गैर काही आहे असे मी मुळीच म्हणत नाही. रंग निवडणे, मांडणी करणे, मजकूर लिहिणे हेही काम आहे आणि ज्या बाईला घर सांभाळून पंचवीस कार्डांची ऑर्डर पुरी करायची आहे, तिने रोलर वापरावा, मीही वापरते. आक्षेप आहे तो सगळ्याला एकच नाव देण्याला.

किमतीचा मुद्दा याला जोडूनच येतो. या कलेत साहित्य कधीच महाग नव्हते. युरोपातल्या मठांमधल्या जोगिणी पुस्तकांच्या सोनेरी मुलाम्याच्या कडा कातरून उरलेल्या पट्ट्या गुंडाळून धार्मिक वस्तू सजवीत असत, असे या कलेच्या इतिहासात सांगतात. म्हणजे तिथेही कच्चा माल टाकाऊच होता आणि मोल होते ते वेळेचे. आपल्याकडे मात्र बाई किंमत ठरवताना कागद, गोंद आणि पाकिटाचा खर्च मांडते, त्यावर थोडे काही चढवते आणि स्वतःचे तास हिशेबातच धरत नाही. समजा साहित्य तीस रुपयांचे आणि काम तीन तासांचे असेल, तर ऐंशी रुपयांना विकलेल्या कार्डात तिच्या तासाला सतरा रुपयेही पडत नाहीत. कार्डाच्या पाठीवर ‘फुले व अक्षरे हाताची’ एवढे लिहिलेले असेल, तर निदान भाव करणाऱ्याला आपण कशाचा भाव करतो आहोत हे कळेल. ज्या शहरात 1927 पासून चित्रकलेची शाळा चालत आली आणि देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्र्यांसारखे चित्रकार तयार झाले, तिथल्या गिऱ्हाइकाला एवढे समजावून सांगणे कठीण जाऊ नये.

कागदाचाही उल्लेख व्हायला हवा. खजुरी बाजारात मिळणारी साधी कार्डशीट खोल उठावाला अनेकदा चिरते, विशेषतः उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या हातकागदात धागे लांब असतात, तो दाब सहन करतो आणि त्यात उठाव खोल येतो. राजस्थानातल्या सांगानेरचा असा कागद प्रसिद्ध आहे आणि पुण्याला 1940 साली हातकागदाची संस्था सुरू झाली, तिथेही तो बनत आला आहे. तो महाग पडतो, म्हणून ज्या बाईने तो वापरला असेल तिला तसे लिहिण्याची जागा असावी.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट पाठीवर यावी. क्विलिंगचे कार्ड साध्या पाकिटात घालून टपालाने पाठवले की शिक्क्यांच्या आणि थप्प्यांच्या दाबाखाली त्याच्या पाकळ्या चेपतात. त्याला उभ्या कडांचे खोके किंवा निदान आतून जाड पुठ्ठ्याची चौकट लागते. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पाठवायचे असेल तर एम्बॉसिंगचे कार्ड घ्यावे आणि क्विलिंगचे हातोहात द्यावे, असा सल्ला मी नेहमी देते. विकणारीने हे आधी सांगितले तर पुढची नाराजी टळेल.

दाबून केलेल्या उठावाचा एक उपयोग आपल्या मंडळांनी अजून फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. दृष्टिहीनांच्या ब्रेल लिपीच्या पाटीवर ठिपके पाठीमागून, उजवीकडून डावीकडे दाबतात आणि कागद उलटला की ते डावीकडून उजवीकडे वाचता येतात. म्हणजे स्टेन्सिलवर उलटी अक्षरे मांडणाऱ्या बाईला ही रीत अनोळखी नाही. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये मराठी लिहिता येते. पणतीची उठावदार आकृती आणि तिच्याखाली ब्रेलमधल्या शुभेच्छा असे कार्ड दृष्टिहीन व्यक्तीला स्वतः बोटांनी वाचता येईल. मात्र त्या कार्डाचे ठिपके ब्रेल जाणणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतल्याशिवाय ते विकायला ठेवू नये, कारण एक ठिपका चुकला तर अक्षर बदलते.

आता अटीबद्दल. पाठीवरच्या चिठ्ठीत कार्डाची फुले गुंडाळलेली की तयार, उठाव सळईचा, पुडीचा की फोल्डरचा, हातकागद वापरला असल्यास तसे, आणि टपालाने पाठवता येईल की नाही, एवढेच असावे. ती पेन्सिलीने लिहिली तरी चालेल. तपासणीसाठी वेगळी समिती नेमण्याची गरज नाही. टेबल देताना एक कार्ड पालथे करून पाहणे पुरेसे आहे. बहुतेक मंडळे नोंदणीचे अर्ज नवरात्राच्या आधी छापून घेतात, तेव्हा ही एक ओळ त्यांत यंदाच घालता येईल, आणि ज्या मंडळांचे अर्ज छापून झाले असतील त्यांनी ती टेबलाचे पैसे घेताना तोंडी सांगितली तरी माझी हरकत नाही.

आपली नम्र,
एक हस्तकला-शिक्षिका,
रामबाग, इंदूर