पन्नास टक्के, पण कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत अमेरिकेतल्या पाळणाघर-क्रेडिटवरचा (मुलं सांभाळायला दिल्याच्या खर्चाचा काही भाग आयकरातून वळता होतो, ते क्रेडिट) लेख वाचला. ‘आता निम्मा खर्च सरकारचा’ असं शीर्षक देणाऱ्यांनी ते क्रेडिट मागण्याचा फॉर्म २४४१ एकदा तरी भरून पाहायला हवा होता.

२०२६ पासून दर ५० टक्क्यांवर गेला, हे खरं. पण तो १५,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाला. पुढे दर २,००० डॉलरमागे एक टक्का उतरत ३५ वर येतो आणि जास्त कमावणाऱ्यांना २० टक्केच. शिवाय टक्के लागतात ते खर्चाच्या मर्यादेवर : सांभाळायची व्यक्ती एक असेल तर ३,०००, दोन किंवा जास्त असतील तर ६,००० डॉलर. पाळणाघराचं बिल वीस हजारांचं असलं तरी हिशोब तीन हजारांचाच.

आता एकटी आई घ्या. एक मूल, वर्षाला २२,००० कमाई. पंधरा हजारांवर सात हजार, म्हणजे साडेतीन टप्पे. अर्धा टप्पाही पूर्ण धरतात, म्हणून दर ४६ टक्के. तीन हजारांचे झाले १,३८०. वाचायला छान! पण ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’, म्हणजे एकटीने घर चालवणारी, म्हणून तिची प्रमाणित वजावटच (उत्पन्नातून सरसकट वगळली जाणारी रक्कम) २४,१५०. करपात्र उत्पन्न शून्य, कर शून्य. हे क्रेडिट फक्त देय करातून वळतं होतं, रोख परत मिळत नाही. कर नाही, तर हातात काहीच नाही. पंधरा हजारांवालीचं तर विचारूच नका. म्हणजे ५० टक्के ज्यांच्यासाठी ठेवले, त्यांच्यापैकी जवळजवळ कुणालाच ते मिळत नाहीत. खरा विस्तार झाला होता २०२१ मध्ये. मर्यादा ८,००० आणि १६,०००, वर रोख परतावा. तो एका वर्षात गुंडाळला, याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

‘कंपनीच्या डिपेंडंट केअर एफएसएमध्ये ७,५०० टाका आणि वर क्रेडिटही घ्या’ हा सल्ला तर कहर. ही एफएसए म्हणजे सांभाळाच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त रक्कम बाजूला ठेवायची सोय. एफएसएतून घेतलेला प्रत्येक डॉलर त्या ६,००० मधून वजा होतो. सात हजार पाचशे घेतल्यावर राहिलं काय? चांगला पगार असलेल्यांना बहुधा एफएसएच फायद्याची, पण एकाच खर्चावर दोनदा वाढून घेता येत नाही.

आणि ‘भारतातून आलेल्या आजीला पैसे दिल्याचं दाखवा’! फॉर्मवर सांभाळणाऱ्याचा करदाता क्रमांक लिहावा लागतो आणि पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. असे सल्ले वाचकांना गोत्यात आणतात. आईवडिलांच्या देखभालीचा खर्चही चालतो, पण ते स्वतःचं स्वतः करू शकत नसतील आणि अर्ध्या वर्षाहून अधिक तुमच्याच घरी राहत असतील, तर. साताऱ्यातल्या आईसाठी ठेवलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही. तेरा वर्षांच्या आतल्या मुलाचा दिवसाचा समर कॅम्प चालतो, मुक्कामाचा नाही.

जाता जाता : ‘वजावट’ आणि ‘क्रेडिट’ या दोन्हींना सरसकट ‘करसवलत’ म्हणू नका. एक उत्पन्नातून जाते, दुसरं थेट करातून. आणि डॉलरचे रुपये करून ठळक टायपात छापणं थांबवा. रुपयांत मांडलं की तीन हजार डॉलरसुद्धा घबाड वाटतं.

कळावे,
विवरणपत्रं भरून देणारा एक वाचक