गणितातल्या असमानतांची टिपणं तपासून देणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या टिपणांवर तुम्ही पेन्सिलीने केलेल्या सूचनांबद्दल आम्हा शिक्षकांतर्फे मनापासून आभार. इतरांच्याही उपयोगी पडाव्यात म्हणून त्या इथे देत आहोत.

सर्वांत मोलाचा तुमचा शेरा दोनच शब्दांचा: ‘किमान कुठे?’ बंद अंतराल [अ, ब] वर (दोन्ही टोकं धरून) फ आणि ग ही फलनं संतत, म्हणजे आलेख कुठेही न तुटणारी, आणि प्रत्येक क्ष ला फ(क्ष) < ग(क्ष). ह = ग − फ हेही संतत. वायरश्ट्रासच्या प्रमेयाने ह चं किमान मूल्य अंतरालातल्याच एखाद्या बिंदूवर मिळतं. तिथे ह धन, म्हणून ते किमान क हेही धन, आणि सगळीकडे फ + क ≤ ग. मुलं मात्र ‘फरक सगळीकडे धन, म्हणून किमानही धन’ असं लिहून मोकळी होतात. (०, १] वर, म्हणजे ० वगळून, ह(क्ष) = क्ष घ्या: फरक कायम धन, पण किमान मूल्यच नाही.

दुसरी सूचना साइन क्ष ≥ २क्ष/π या असमानतेवरची, अंतराल [०, π/२]. ‘डेरिव्हेटिव्ह धन, म्हणून फलन वाढतं’ हा नेहमीचा रस्ता इथे अर्ध्यावर संपतो. इथे ह = साइन क्ष − २क्ष/π; त्याचं डेरिव्हेटिव्ह ह′ = कोसाइन क्ष − २/π हे ० ला सुमारे ०.३६, तर π/२ ला −०.६४. तुम्ही म्हणालात, टोकांची मूल्यं आधी लिहा: दोन्हीकडे ह शून्य. कोसाइन सतत उतरतं, त्यामुळे ह′ एकदाच शून्य होतं, ०.८८ च्या आसपास. तिथवर ह चढतं, पुढे उतरतं, आणि मधे कुठेही शून्याला टेकत नाही. सर्वांत मोठा फरक जेमतेम ०.२१.

एक्सेलमध्ये आकडे घालून ‘सिद्ध’ करणाऱ्यांसाठी तुमचं उदाहरण तर नामी! [१, २] वर (क्ष − √२)². कुठलीही परिमेय संख्या घाला, उत्तर धनच; √२ ला मात्र शून्य. परिमेय बिंदूंवर फ < ग ठाऊक असेल, तर संततपणामुळे फक्त फ ≤ ग हाती लागतं.

फ चं इंटिग्रल ग च्या इंटिग्रलपेक्षा खरोखर लहान असतं, याचा पुरावाही तुमच्याच पद्धतीने घेतला आहे: फ आणि ग संतत, फ ≤ ग, आणि एकाच बिंदूवर फरक द > ० असला, तरी त्याच्याजवळच्या ल लांबीच्या तुकड्यावर फरक द/२ हून जास्त राहतो. म्हणून दोन इंटिग्रलमधला फरक निदान लद/२. बिंदू टोकाला असला, तर तुकडा एकाच बाजूला घ्यायचा.

आपले नम्र,
टिपणं लिहिणारे शिक्षक