एकाच माळेचे मणी?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

‘फॅसिझम आणि साम्यवाद, दोन्ही एकाच माळेचे मणी’ हे तुझं वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

मध्यरात्री अटकेसाठी ज्याचं दार वाजलं, त्याच्यापुरतं ते खरंच आहे. ऑगस्ट १९३२ च्या सोव्हिएत कायद्यानं सामूहिक शेतातलं धान्य चोरणाऱ्याला मृत्युदंड किंवा दहा वर्षांची कैद ठरवली. कापणीनंतर पडलेल्या ओंब्या वेचणारी भुकेली माणसंही त्यात सापडली. पुढच्या वर्षभरात युक्रेनमध्ये लाखो लोक अन्नावाचून मेले. तरी मला फरक दिसतो. फॅसिझमनं माणसांची समता कधी मानलीच नाही. साम्यवादानं तिचीच शपथ घेतली होती, म्हणून तिथला घात मला जास्त जिव्हारी लागतो.

लोक अशा विचारांकडे का वळतात? भुकेनं, असं तू म्हणतोस. १९१७ साली रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडमध्ये, बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या, त्यातूनच झारशाही कोसळली, हे कबूल. पण जर्मनी बघ. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. जन्मभराच्या बचतीत पावसुद्धा येईना. तरी १९२८ मध्ये नाझींना मतं मिळाली फक्त २.६ टक्के! १९२९ च्या जागतिक मंदीनंतर, जुलै १९३२ मध्ये, ती ३७.३ वर गेली. त्यातही बेकार झालेले कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींना बळ मिळालं ते छोट्या दुकानदारांकडून, शेतकऱ्यांकडून. त्यांच्या गाठीला अजून थोडंफार होतं आणि तेही जाईल या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

शिवाय ‘समाज वळला’ हे तरी कितपत खरं? रशियात संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांना, जेमतेम चौथा हिस्सा मतं पडली. जानेवारी १९१८ मध्ये ती सभा त्यांनी एका बैठकीतच गुंडाळली. इटलीच्या राजानं १९२२ मध्ये लष्करी कायद्याच्या हुकमावर सही केली नाही आणि मुसोलिनीला बोलावून घेतलं. जर्मनीत नोव्हेंबर १९३२ ला नाझी ३३.१ टक्क्यांवर घसरले होते, तरी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गनं हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, केलं. त्याला मुठीत ठेवता येईल, असं आसपासच्या बड्या मंडळींना वाटत होतं.

त्याच नोव्हेंबरात सोशल डेमोक्रॅट, म्हणजे लोकशाही मानणारे समाजवादी, २०.४ आणि कम्युनिस्ट १६.९ टक्के होते. बेरीज करून बघ, नाझींपेक्षा जास्त भरते. पण कम्युनिस्ट सोशल डेमोक्रॅटांना ‘सोशल फॅसिस्ट’ म्हणत, आणि तेही कम्युनिस्टांवर काडीचा विश्वास ठेवायला तयार नव्हते. काही महिन्यांतच दोन्हीकडची माणसं त्याच छळछावण्यांत जाऊन पडली. मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच. तुला काय वाटतं, सविस्तर लिही.

तुझाच,
मित्र