आमच्या भाऊजींना अनावृत आभारपत्र

आदरणीय भाऊजी,

सादर नमस्कार.

तुमच्या शोकसभेत एक गोष्ट लक्षात आली आणि तिच्यामुळेच हे पत्र खासगी न ठेवता सर्वांसमोर लिहावे असे वाटले. बोलायला उठलेला प्रत्येक जण ‘आमचे एक काम त्यांनी मार्गी लावले होते’ असे म्हणून सुरुवात करत होता, आणि ते काम कोणते हे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही त्या दिवशी प्रथमच कळत होते. एका घरचे कागद दुसऱ्या घरी बोलायचे नाहीत हा नेम तुम्ही इतका कडक पाळलात, की आपल्यावरच तुमची विशेष मर्जी आहे असा समज आपल्या इमारतीतल्या जवळपास प्रत्येक बिऱ्हाडात होता. माझाही होता.

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर मसाला दुधाचे पातेले तुमच्याच ताब्यात होते. कोणाच्या पेल्यात साय जास्त गेली यावरून मुलांशी तुमची हुज्जत चालली होती आणि चारोळ्या कमी पडल्याबद्दल तुम्ही कार्यकारिणीला फैलावर घेत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ताईंनी आमची बेल वाजवली, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सारे आटोपले होते. हृदयविकाराचा तीव्र झटका, एवढेच डॉक्टरांनी सांगितले. त्याबद्दल याहून अधिक लिहिण्याची माझी तयारी नाही आणि तुम्हालाही ते रुचले नसते.

यांची आणि तुमची ओळख लोकलमधली. हे माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आणि तुम्ही मुंबईच्या जीपीओत, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयात; डोंबिवलीहून सकाळी एकाच डब्यात चढायचे, यांनी वाटेत उतरायचे आणि तुम्ही शेवटपर्यंत जायचे, असे कैक वर्षे चालले. पुढे तुम्ही याच इमारतीत घर घेतलेत आणि डब्यातली मैत्री जिन्यावर आली. आमच्या मुलांना एका सुट्टीत तुम्ही जीपीओ दाखवायला नेले होते. 1913 साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतलेला आहे, हे सांगून झाल्यावर तुम्ही मुलांना आपल्या खिडकीमागे उभे केलेत आणि रजिस्टर केलेल्या पाकिटाला पोचपावतीचे कार्ड कसे जोडतात, ते सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत कसे येते, हे अर्धा तास समजावून दिलेत. मुलांना घुमटापेक्षा ते कार्डच जास्त आवडले होते. 2025 साली रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तेव्हा तुम्ही आमच्याकडे चहाला आला होता. थोडा वेळ गप्प बसलात आणि मग ‘पोच मिळाल्याशी कारण’ असे म्हणून विषय संपवलात.

एप्रिल 2021 मध्ये हे गेले. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. मुलगा परदेशात अडकला होता, दीर आणि जाऊ स्वतःच आजारी होत्या, आणि स्मशानात आमच्या घरचे म्हणून तुम्ही उभे होता. त्या दिवसाचे आभार मानण्याची भाषा मला अवगत नाही आणि ते ऋण फेडण्याचा विचारही मी मनात आणत नाही. मला आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या महिन्यांचे, ज्यांच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही.

माणूस गेला की तेराव्यापर्यंत फोन येत राहतात. कागदांचा तगादा त्यानंतर सुरू होतो. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढून घ्या असे तुम्ही सांगितलेत, तेव्हा इतक्या कशाला असे मला वाटले होते. पेन्शन, विमा, गॅसची जोडणी, वीजमीटर, सोसायटीचा भागदाखला असे करता करता त्या सगळ्या संपल्या. खरी अडचण मात्र माझ्या नावाची होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नाव सासरी, शेजारी आणि सगळ्या लग्नपत्रिकांत आयुष्यभर चालत आले, यांच्या पीपीओत, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशातही तेच लागले, आणि आधार कार्डावर मात्र शाळेच्या दाखल्यावरचे माहेरचे नाव राहिले. बँकेच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होत्या आणि त्यांतली विधवा कोण, हे सिद्ध व्हायचे होते.

त्या वेळी तुम्ही जे केलेत, त्याचा मला प्रथम रागच आला होता. यांचा मित्र म्हणून तुम्ही सगळे कागद हातात घ्याल आणि काम झाले की मला निरोप द्याल, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात तुम्ही जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडलेत, विवाहनोंदणीचा दाखला, रेशनकार्ड, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील नावबदल यांपैकी कशाने काय साधते ते सांगितलेत, सर्वांत लांबची वाट आधी धरू नका म्हणालात, आणि मग अर्जाचा मसुदा पेन्सिलीने लिहून माझ्यापुढे सरकवलात. पेनने मात्र तो मीच लिहायचा. माझे अक्षर थरथरत होते. दुसरा कागद घेऊ का असे मी विचारले, तर ‘अक्षर कसे का असेना, वहिनी, अर्जदार तुम्ही आहात’ एवढेच तुमचे उत्तर.

बँकेतही तसेच झाले. खिडकीपाशी मला पुढे करून तुम्ही मागे खांबाला टेकून उभे राहिलात. कागद ज्या क्रमाने मागितले जातील त्याच क्रमाने तुम्ही ते लावून दिले होते. मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, आधार, प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा. पलीकडच्या गृहस्थांनी वर न बघताच ‘नाव जुळत नाही’ म्हटले, तेव्हा मी वळून तुमच्याकडे पाहिले आणि तुम्ही खुशाल भिंतीवरचे व्याजदरांचे पत्रक वाचत होता. मग मला बोलावेच लागले. चौथ्या क्रमांकाचा कागद पुढे केला आणि यजमानांच्या मृत्यूनंतर अनोळखी माणसाशी मी प्रथमच सलग चार वाक्ये बोलले. परत निघताना तुम्ही एकच प्रश्न विचारलात, ‘पोच घेतली का?’ ती घेतली नव्हती, म्हणून मला पुन्हा रांगेत उभे केलेत. भाऊजी, त्या दिवशी रिक्षात मी तुमच्याशी चकार शब्द बोलले नाही, हे तुम्हाला आठवत असेल.

कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले, त्या संध्याकाळी तुम्ही माझी डायरी मागून घेतलीत आणि 2024 सालातल्या एका महिन्यापुढे पेन्सिलीने खूण केलीत. निवृत्तीनंतर कर्मचारी वारला तर सात वर्षे, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी 67 वर्षांचा झाला असता तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो आणि नंतर तो अखेरच्या मूळ वेतनाच्या 30 टक्क्यांवर येतो, हे तुम्ही सांगितलेत. हे 64व्या वर्षी गेले, तेव्हा ती वेळ तीन वर्षांनी येणार होती. ती आली, रक्कम उतरली, आणि मी घाबरले नाही. बँकेने काही घोळ केला असे समजून ज्या बायका त्या महिन्यात वणवण करतात, त्यांची अवस्था मी पुढे पाहिली, म्हणून त्या एका खुणेची किंमत मला कळते.

आणखी एक प्रसंग लिहिते, कारण तो केवळ आपल्या दोघांत राहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर करोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना राज्य शासनाने 50,000 रुपयांचे सानुग्रह साहाय्य देऊ केले, तेव्हा मी अर्ज करणार नाही असे स्पष्ट सांगितले होते. यांच्या जाण्याचे पैसे घेणे मला सहन होत नव्हते. तुम्ही समजूत घातली नाहीत, वादही घातला नाहीत. ‘पैसे नको असतील तर आल्यावर कोणाला तरी द्या, पण सरकारी यादीत त्याचे नाव लागू द्या,’ असे म्हणालात आणि उठून गेलात. मी अर्ज केला. ते पैसे पुढे कुठे गेले हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे त्याची वाच्यता करत नाही.

तुमचे नोव्हेंबरचे रविवार तर सगळ्यांनाच माहीत आहेत. पूर्वी हयातीचा दाखला द्यायचा म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी बँकेच्या पायऱ्या चढायच्या. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल हयातीचा दाखला आला, पण त्याला बोटांचे ठसे लागत, आणि भांडी घासून, पोळ्या लाटून ज्यांच्या रेषाच झिजल्या आहेत अशा बायकांचे ठसे यंत्र घेईना. कोमट पाण्यात बोटे बुडवून, टिपून, पुन्हा दाबून तुम्ही एकेका आजीपुढे दुपार घालवलेली मी पाहिली आहे. 2021 च्या अखेरीस चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, तेव्हा तुम्ही दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातली जागा निवडलीत, कारण खिडकीतून उजेड नेमका तोंडावर येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना मोबाइलपुढे डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले, की त्या एकदा डोळे मिटून घेत आणि फोटो निघाला का असे विचारेपर्यंत उघडतच नसत. शेवटी तुम्ही स्वतः समोर उभे राहून डोळे मिचकावू लागलात आणि त्या तुमची नक्कल करता करता हसल्या, तेवढ्यात काम झाले.

ऐंशी वर्षांवरील निवृत्तांना हा दाखला 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणून त्या आजींचा तुम्ही यंदा दसरा झाल्यावर लगेच करून दिला होता. त्यांचे पेन्शन नियमित जमा होत आहे, हे तुम्हाला कळवणे मला आवश्यक वाटते.

तुमच्या स्वभावातील कडू भागही लिहायला हवा, नाहीतर हे पत्र तुमच्याबद्दल आहे असे कोणालाच वाटणार नाही. महिन्याच्या तीस तारखेला धावत येणाऱ्याला तुम्ही काम करून देत असा, पण त्याआधी जे ऐकवत असा ते सगळ्या मजल्यांवर पोहोचे. झेरॉक्सचे पैसे मात्र रुपया-दोन रुपयेसुद्धा मोजून घेत असा. हा हिशोबीपणा काहींना खटकत असे. मी एकदा विचारले, तेव्हा तुम्ही सांगितलेत की फुकट केले तर माणूस दुसऱ्यांदा यायला संकोचतो. मला ते पटले होते; तुमच्या टीकाकारांना आता तरी पटावे.

नॉमिनीच्या प्रश्नावर तर तुम्ही वार्षिक सभेत अक्षरशः वर्गच घेतला होता. नामनिर्देशन केले म्हणजे घर त्याच्या नावावर झाले, या समजुतीने आपल्याच इमारतीत दोन भावांचे बोलणे बंद झाले होते. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा विश्वस्त असतो, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते, आणि मृत्युपत्र साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर सही करून होते, त्याला मुद्रांक लागत नाही व नोंदणीची सक्तीही नाही, हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलेत की लोक तुम्हाला पाहून जिन्यातून परत फिरत. त्यांपैकी बऱ्याच जणांची मृत्युपत्रे आज तयार आहेत, असे शोकसभेनंतर चहा घेताना कानावर आले.

तुमची स्वतःची निळी फाईल ताईंनी मला दाखवली. पहिल्याच पानावर पेन्सिलीने यादी होती: पीपीओ, संयुक्त खात्याचे पासबुक, ठेवींच्या पावत्या, मृत्युपत्र, पेपरवाल्याचे बिल आणि ‘वाचनालयाचे पुस्तक परत करणे’. पुस्तक मी देऊन आले. उशिराचा दंड भरला आहे.

खाते संयुक्त असल्याने ताईंना नवीन खाते उघडावे लागले नाही आणि त्यांच्या नावाचा घोळ तुम्ही केव्हाच मिटवून ठेवला होता, त्यामुळे करण्यासारखे फारसे उरले नव्हते. एक अर्ज तेवढा द्यायचा होता. तुम्हीच लिहा, माझा हात चालत नाही, असे त्या म्हणाल्या. मी पेन्सिलीने मसुदा लिहिला आणि पेन त्यांच्या हातात दिले. बँकेत त्यांना पुढे करून मी मागे थांबले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला पुरती ओळखीची होती. परतीच्या रिक्षात त्या गप्प होत्या आणि अजूनही माझ्याशी जेवढ्यास तेवढेच बोलतात. पोच मात्र त्यांनी न सांगता मागून घेतली.

कळावे.

तुमची कृतज्ञ,
बी विंगमधली वहिनी