‘हा राऊटर कुणी लावला?’ असं न विचारणाऱ्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, निघताना तुम्हीच बजावलंत, “सर, माझं नाव कुठे घालू नका.” बरं. पण गप्प बसणंही जमत नाहीये. आठवडा झाला, रोज सकाळी ग्रंथालयाच्या संगणक कक्षाचं कुलूप काढतो, अठरा पीसी चालू करतो, अठराच्या अठरा नेटवर येतात, आणि मी दोन मिनिटं नुसता बघत बसतो. एखाद्या मशीनवर तो पिवळा त्रिकोण दिसेल म्हणून छाती अजून धडधडते. दिसत नाही. मग उठून कामाला लागतो.

त्याआधीचे तीन आठवडे कसे गेले ते तुम्हाला त्या संध्याकाळी सांगायला वेळच झाला नाही. काल चालणारा सात नंबर आज बंद. काल मेलेला बारा नंबर आज ठणठणीत. एका मुलाचा अर्ज अर्धा भरून झालेला, नेट गेलं. शेजारच्या मशीनवर मात्र कुणीतरी आरामात व्हिडिओ बघतंय. लोक विचारायचे, “सर, आज कुठला चालतोय?” जणू मी गोठ्यात उभा राहून आज कुठली गाय दूध देणार ते सांगतोय.

बोलावलं नाही असं नाही. एक जण आला, त्याने एका पीसीकडे पाहून “विंडोज गेलंय” असं जाहीर केलं आणि चार मशीन फॉरमॅट करून गेला. दुसऱ्या दिवशी त्यातली दोन चालली, दोन नाही. दुसऱ्याने भिंतीकडे बघितलं आणि सगळं वायरिंग बदलायला सांगितलं. किती जुनं आहे हेही विचारलं नाही. फोनवरचे एक गृहस्थ रोज एकच मंत्र देत, “सगळं बंद करून चालू करा. आमच्याकडून ओके आहे.” त्यांच्याकडून ओकेच होतं, हे आता कळतं, पण ज्या सुरात ते सांगत त्या सुरात मी वाचकाला ‘पुस्तक नाही’ असंसुद्धा कधी सांगितलेलं नाही. आणि चौथ्याने कमाल केली. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता लागतो, तो आपोआप मिळतो. त्याने पाच मशीनवर असे पत्ते हाताने टाकले. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी दोन मशीनवर एकच पत्ता, भांडण सुरू, दोघंही बंद. जाताना तो मला म्हणाला होता, “तुम्ही कशाला हात लावत जाऊ नका.”

हे वाक्य मला फार लागलं. पुढे का ते सांगतो.

तुम्ही आलात त्या दिवशी कुणी तुम्हाला बोलावलं नव्हतं. अकरा नंबरवर बसलात, नेट नाही म्हणून काउंटरवर आलात. मी तोंड उघडायच्या आत माफी मागायला लागलो, इतकी सवय झाली होती. तुम्ही म्हणालात, “तक्रार नाही हो. मी जरा बघू का?” आणि कमांड लिहायची ती काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल लिहिलंत. भराभर ओळी आल्या. आधीच्या चौघांपैकी एकानेही त्या ओळी माझ्यासमोर वाचल्या नव्हत्या. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवलंत, डीएचसीपी सर्व्हर या ओळीवर, म्हणजे या मशीनला आपोआप पत्ता कुणी दिला ते सांगणाऱ्या ओळीवर. तिथे होतं १९२.१६८.०.१. मग उठून सात नंबरवर गेलात, तो त्या दिवशी चालत होता. तिथे त्याच ओळीत होतं १९२.१६८.१०.१.

“सर, पत्ता वाटणारे दोघं आहेत.”

मला तेवढ्यावरून काही कळलं नाही, आणि तुम्ही ते ओळखलंत. खुर्ची ओढून बसलात. मशीन चालू झालं की त्याला स्वतःचा पत्ता माहीत नसतो, म्हणून ते सगळ्या नेटवर्कभर हाक मारतं, ‘मी नवा आहे, कुणी पत्ता देता का?’ सर्व्हर म्हणतो, ‘हा घे.’ मशीन म्हणतं, ‘चालेल, हाच द्या.’ सर्व्हर म्हणतो, ‘दिला.’ चार वाक्यांचा संवाद. पत्त्याबरोबर बाहेर जायचा दरवाजा कुठला, तेही सांगितलं जातं. घोळ एवढाच की हाक सगळ्यांना ऐकू जाते आणि मशीन सहसा जो आधी बोलेल त्याचं ऐकतं. उत्तर देणारा खरा की भलताच, हे तपासत नाही. आमच्या नेटवर्कमध्ये कुणी दुसराच आगाऊपणे उत्तर देत होता, पत्ता देत होता आणि बाहेरचा दरवाजा म्हणून स्वतःकडे बोट दाखवत होता. त्याच्यामागे नेट नव्हतंच. मी म्हणालो, “म्हणजे एकाच ग्रंथालयात दोन काउंटर, दोघंही सभासद क्रमांक देतायत, आणि दुसऱ्या काउंटरच्या मागे पुस्तकांची खोलीच नाही.” तुम्ही हसलात. “अगदी असंच,” म्हणालात. माझ्यासारख्या माणसाला त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा वाटलं की आपल्याला डोकं आहे.

मग तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर हाकेला कुणीच ओ दिली नाही आणि मशीनने स्वतःच एक पत्ता घेतला, असं समजायचं. मग वायर बघा, स्विच (सगळ्या मशीनच्या वायरी जिथे एकत्र येतात ती पेटी) बघा, सर्व्हर जिवंत आहे का बघा. पण पत्ता नीट दिसतोय आणि आपल्या घरातला नाही, तर ओ कुणीतरी दिली आहे. मग तो कोण ते शोधा. दोन्ही वेळी लोक ‘नेट नाही’ एवढंच म्हणतात आणि दोन्हीवर औषध वेगळं. आधीच्या चौघांना हा फरक माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांनी बघितलंच नाही. आणि ते बंद-चालू प्रकरण! प्रत्येक वेळी बंद-चालू केलं की अठरा मशीन पुन्हा हाक मारणार आणि पुन्हा सोडत निघणार. आम्ही रोज सकाळी भक्तिभावाने हेच करत होतो.

आता लाजेची गोष्ट.

तुम्ही आणखी एक कमांड देऊन त्या भलत्या सर्व्हरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच दिलेला क्रमांक, काढलात. त्याची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, ती मोबाईलवर टाकून बघितलीत आणि कंपनीचं नाव वाचलंत. “सर, या कंपनीचं काही आहे का इथे?”

माझ्या पोटात खड्डा पडला. महिन्याभरापूर्वी वाचन कक्षातल्या लोकांना मोबाईलवर नेट मिळावं म्हणून घरचा जुना राऊटर मीच आणला होता. कपाटावर, शब्दकोशांच्या मागे ठेवला, एक वायर खोचली, हिरवा दिवा लागला, खूश झालो. त्याचं वाय-फाय कधी चाले, कधी नाही. जुनाच तो, म्हणून सोडून दिलं. आणि मग संगणक कक्षाची ही साडेसाती सुरू झाली तेव्हा दोन्हीचा संबंध माझ्या मनातसुद्धा आला नाही. तुमच्या प्रश्नाला मी म्हणालो, “बघावं लागेल.” पन्नाशी उलटलेल्या माणसाने एवढ्या सरळ बाईसमोर मारलेली ही थाप आज इथे कबूल करतो.

तुम्ही काही बोलला नाहीत. अकरा नंबरवरून त्या भलत्या सर्व्हरच्या पत्त्याला सतत पिंग लावलंत, म्हणजे ‘आहेस का?’ असं पुन्हा पुन्हा विचारत ठेवलंत, आणि मला स्विचपाशी उभं केलंत. “अकराची वायर सोडून एकेक काढा, मी सांगते.” मी काढतोय, परत लावतोय, तुम्ही तिकडून, “आहे… आहे… आहे…” मला माहीत होतं कुठली वायर आहे ती. तरी मी क्रमानेच गेलो, जणू उशीर केला तर ती नाहीशी होईल. चौदावी वायर काढली. “थांबा सर. गेला.”

वायरीमागे वायर धरून आपण कपाटापाशी आलो. तुम्ही स्टुलावर चढून शब्दकोश बाजूला केलेत, धूळ फुंकलीत आणि तो राऊटर खाली आणलात. मी तयार होतो. ‘हा राऊटर कुणी लावला?’ हा प्रश्न येणार, आणि मी काय बोलणार हेही ठरवलं होतं. बहुधा शिपायाचं नाव घेतलं असतं. लिहिताना हात थरथरतोय, पण तसंच ठरवलं होतं.

तुम्ही राऊटर उलटा केलात, वायर कुठल्या भोकात आहे ते पाहिलंत आणि म्हणालात, “ज्यांनी लावलाय त्यांनी निम्मं बरोबर केलंय. वायर लॅनमध्येच, आतल्या नेटवर्कच्या भोकातच हवी. फक्त आतला डीएचसीपी बंद करायचा राहिला. हे सगळ्यांकडून एकदा होतं, माझ्याकडूनही झालंय.” आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, “वाय-फाय ठेवायचंय ना?”

ताई, बाकी सगळं मी कदाचित विसरेन. हे विसरणार नाही. तुम्हाला कळलं होतं. माझा चेहरा बघून लहान मुलालाही कळलं असतं. तुम्ही तो प्रश्न विचारला नाहीत म्हणून मला खोटं बोलावं लागलं नाही आणि एका निरपराध माणसावर आळ आला नाही. वर चुकीतलं निम्मं बरोबर म्हणून माझ्या हातात दिलंत. दुरुस्ती करणारे पुष्कळ भेटतात, मी त्यांचा ऋणीच आहे. पण समोरच्याला खाली न बघायला लावता दुरुस्ती करणारी माणसं मला आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. एक माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी होते. ते चुकलेल्या गणिताच्या बरोबर असलेल्या पायऱ्यांवर आधी टिक करायचे.

नंतर राऊटरमधला डीएचसीपी बंद केलात, त्याला कुणाशी टक्कर होणार नाही असा पत्ता दिलात आणि हाताने टाकलेले ते पाच पत्ते काढून पुन्हा आपोआप मिळतील असं केलंत. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, नाही, ज्यांना चुकीचा पत्ता मिळालाय ते मुदत सरेपर्यंत तो धरून बसतील, त्यांना सोडायला लावू. आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात. “तुम्ही डावीकडून, मी उजवीकडून.” रिलीज, मग रिन्यू. चौथ्याने हात लावू नका म्हणून सांगितलेला मी, नऊ मशीनवर स्वतः टाइप करत गेलो. १९२.१६८.१० ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता उमटला की मोठ्याने वाचत होतो. तुम्ही पलीकडून वाचत होतात. वाचन कक्षातले लोक माना वळवून बघायला लागले तेव्हा आपण दोघांनी आवाज कमी केला.

ग्रंथपालाची खोड जात नाही, म्हणून मी नंतर या डीएचसीपीचा मूळ दस्तऐवजही उघडून पाहिला. आरएफसी २१३१ (इंटरनेटचे नियम अशा क्रमांकाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात), मार्च १९९७, लेखक राल्फ ड्रोम्स. बरंचसं डोक्यावरून गेलं. पण सुरक्षेवरचा छोटा भाग वाचला. ही पद्धत सध्याच्या रूपात बरीच असुरक्षित आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. कुणीही उभा राहून पत्ते वाटायला लागू शकतो, हे तेव्हाच माहीत होतं. मला त्यातही थोडा दिलासा मिळाला, खोटं कशाला बोलू. तुम्ही सांगितलंत तसा चांगला स्विच मिळाला की त्यात डीएचसीपी स्नूपिंग चालू करता येतं, म्हणजे स्विचच्या ठरवलेल्या पोर्टवरूनच, वायर खोचायच्या ठरलेल्या भोकातूनच पत्ते येतील, दुसरीकडून कुणी वाटायला लागला तर स्विच त्याला अडवेल. आमचा साधा स्विच आहे. समितीकडे मागणी लिहून दिली आहे. समिती कधी उत्तर देते ते समितीलाच ठाऊक.

राऊटर परत कपाटावर आहे, शब्दकोशांच्या मागे. त्यावर पुस्तकांच्या पाठीला लावतो ती चिठ्ठी चिकटवून तुम्ही लिहिलंत, ‘यातला डीएचसीपी बंद आहे. रिसेट करू नये.’ रिसेट केलं तर तो पुन्हा पत्ते वाटायला लागेल, हे मी नव्या शिपायालाही समजावलं. त्याला दोन काउंटरची गोष्ट लगेच कळली.

आणि तक्रार वही. त्यात त्या दिवशी तुम्ही एकच ओळ लिहिलीत: ‘मशीन ११ ला चुकीच्या सर्व्हरकडून पत्ता मिळत होता, दुरुस्त केले.’ कारण नाही, नाव नाही. परवा मी त्याखाली लिहिलं की तो राऊटर मी लावला होता, आणि सही केली.

आपला,
संगणक कक्षाच्या काउंटरवरचा