काडतुसं घेताना चोरासारखी वागणूक का?

संपादक साहेब,

मी कॅलिफोर्नियात राहतो, हौशी क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर बंदुकीने नेम धरायचा खेळ) करतो. २०१६ ला इथल्या मतदारांनी प्रपोझिशन ६३ हा बंदुका-काडतुसांवर नियम घालणारा कायदा थेट मतदान करून पास केला आणि जुलै २०१९ पासून काडतुसांचा एक बॉक्स घ्यायला पण दर वेळी बॅकग्राउंड चेक, म्हणजे घेणाऱ्यावर बंदी तर नाही ना हे सरकारी रेकॉर्डमध्ये तपासणं. चेकला माझी ना नाही, गुन्हेगाराला गोळ्या मिळूच नयेत, पण पहिल्या काही महिन्यांतच लाखभर लोकांना परत पाठवलं ते बहुतेक सरकारी रेकॉर्डमधला जुना पत्ता किंवा नाव जुळलं नाही म्हणून! आमच्या आडनावांचं स्पेलिंग तर दर कागदावर वेगळं असतं, मग बोलायलाच नको.

ऑनलाइन मागवलं तरी घरी येत नाही, दुकानातच जाऊन घ्यायचं, शेजारच्या नेवाडातून स्वतः आणायचं तर तेही बंद, आणि वर जुलै २०२४ पासून ११ टक्के जादा टॅक्स. सलग सहा ऑलिम्पिकमध्ये मेडल मिळवणाऱ्या अमेरिकन नेमबाज किम रोडला या कायद्याविरुद्ध कोर्टात जावं लागलं राव, तिथे आम्हाला कोण विचारतो. चेक ठेवा खुशाल, पण आधी तुमचं रेकॉर्ड नीट करा.

– एक वाचक, सॅन होजे